कुंकू लावलेली कार्डं

तुझ्या तेराव्याला लिमये साहेब रडले. सगळ्यांच्या देखत, शर्टाच्या बाहीला डोळे पुसत. मी रडलो नाही. पंगत बसली होती, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? ह्याला काय हक्क, असं आलं. छत्तीस वर्षं तुझ्या हातचं खाल्लं मी. आणि रडतोय हा, ज्यानं सगळे मिळून पाच दिवस खाल्लं.

तुला राग येईल. "मी मेल्यावर तरी जळणं सोडा," म्हणशील. नाही सोडत. तू होतीस तेव्हा सोडलं नाही, आता कुणासाठी सोडू?

हेडक्लार्क म्हणाले, आपल्या हापिसच्या हस्तलिखित अंकात तुमच्या मंडळींवर लिहा. जन्म कुठला, माहेर कुठलं, लेकरं किती, स्वभाव कसा. मी म्हटलं, ते तुम्ही लिहा. तिचं माहेर तिला ठाऊक हाय, मी तिला काय सांगू? मला लिहायचं तर मी तिच्याशीच बोलणार. ते म्हणाले, बोला. म्हणून बसलोय. शिक्षण तिसरी, तीही अर्धी. शाई माझ्या बोटालाच जास्त लागते. चुका हेडक्लार्क काढतील. माझ्या दुसऱ्या चुका कोण काढणार? त्या काढणारी गेली.

त्या कार्डांचं मी तुझ्याशी कधी धड बोललो नाही. दोन वर्षं झाली. तो विषय निघाला की मी उठून बाहेर ओट्यावर जायचो. आज जात नाही.

वाचणाऱ्यांत नवी माणसं असतील, म्हणून पहिल्यापासून सांगतो. भिंगारला छावणीच्या कडेला आमचं भांडाराचं हापिस. पंपाचे, ट्रॅक्टरचे सुटे भाग तिथं ठेवतात. मी तिथला शिपाई, आणि हापिसच्याच क्वार्टरात आपलं बिऱ्हाड. लिमये साहेब पुण्याहून आले, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, आणि म्हणाले की कुठला भाग कुठल्या गाडीला लागतो अन् तो कुठल्या फळीवर पडलाय, हे आता यंत्र सांगणार. यंत्र पुण्याला. आमचं नव्हे, दुसऱ्यांचं. महिन्यातून एकदा आमची पाळी. आमच्याकडं फक्त कार्डांना भोकं पाडायची दोन यंत्रं. कार्ड म्हणजे जाड कागदाचा तुकडा, पोस्टकार्डापेक्षा लांब, त्याला बारीक चौकोनी भोकं, आणि वरच्या कडेला तेच इंग्रजीत बारीक छापलेलं. एका कार्डावर एक ओळ. यंत्र ती भोकं वाचतं आणि सांगितलं तसं करतं. ह्या सगळ्या कार्डांना मिळून प्रोग्रॅम म्हणायचं. साहेबांनी वर्षभर खपून तो केला. दोन लांब ट्रे भरले.

पहिल्या ट्रेच्या सुरुवातीला दोरा बांधलेली एक गड्डी होती. साहेब मला म्हणाले होते, "काका, ही गड्डी म्हणजे डोकं. बाकीची कार्डं नुसते हातपाय. हिला कुणाला हात लावू देऊ नका."

मी म्हटलं, "माझ्या हाताबिगर कुणाचा लागायचा न्हाई साहेब."

लागलाच नाही कुणाचा.

खंडेनवमी आली. साहेब सणाला पुण्याला गेले. मी सकाळी आंघोळ करून हापिस उघडलं. मुलूख सगळा त्या दिवशी आपल्या हत्याराला कुंकू लावतो. ड्रायव्हर गाडीला लावतो, शिंपी शिवणयंत्राला लावतो. मग माझ्या हापिसातल्या यंत्रांनी काय पाप केलं? भोकं पाडायची दोन्ही यंत्रं पुसली, झेंडू वाहिला. मग ट्रे उघडला. साहेब डोकं म्हणाले होते ना? मग कुंकू डोक्यालाच लागणार, हातापायाला कोण लावतं? ओलं हळद-कुंकू घेतलं आणि पाची बोटं त्या गड्डीवर ओढली. वर आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं. एकदा नव्हे, चांगलं पाचदा. गड्डीवर घडी घालून ठेवलेला छापील कागद होता, सगळा प्रोग्रॅम त्यावर उतरवलेला. तोही भिजला.

दसरा झाल्यावर जाऊन पाहिलं तर कार्डं पापडासारखी फुगलेली. उन्हात घातली. वर जुनी रजिस्टरं ठेवून दाबली. कागदाचा लगदा झाला होता, तो फेकला. दोरा पुन्हा होता तसा बांधला. झाकण लावलं आणि तोंड मिटलं.

साहेब आले ते ट्रे उचलून थेट पुण्याला. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा हातात कापडी पिशवी. पिशवी टेबलावर उपडी केली तर आत नुसत्या चिंध्या. कार्डं एकमेकांना चिकटलेली, दोन-दोन मिळून यंत्रात गेली, अडकली, फाटली, तिथल्या माणसांनी चिमट्यानं ओढून काढली. प्रोग्रॅमचं डोकंच गेलं. दुसरी प्रत काढायची राहिली होती, कोरी कार्डं यायची होती म्हणून. आणि मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं, यंत्रवाल्यांनी आठ दिवसांनी एक जादा पाळी दिलीय, तेव्हा चाललं तर चाललं. नाही तर हा खेळ बंद, पहिल्यासारख्या वह्या काढा.

साहेबांनी कुंकवाची बोटं असलेलं एक कार्ड वर धरलं. "हे कुणी केलं?"

मी दारात उभा. म्हणालो, "ठाऊक न्हाई साहेब."

ते "ठाऊक न्हाई" माझ्या तोंडातून कसं सहज गेलं, ते मला अजून कळत नाही. मला दिसत होतं फक्त क्वार्टरचं दार. नोकरी गेली की दार गेलं. कागदावर माझं वय छप्पन, खरं किती ते माझ्या आईलाच ठाऊक. त्या वयात कुणाच्या दारात उभा राहणार होतो मी?

घरी येऊन तुला सांगितलं. टेबल आवरताना फाटक्या कार्डांतली चार खिशात घातली होती, ती तुझ्या पुढ्यात टाकली. तू रडली नाहीस, की ओरडली नाहीस. कार्ड उचललंस, उजेडाला धरलंस, भोकांतून माझ्याकडं बघितलंस. मग वरच्या कडेची अक्षरं बघत बसलीस. बराच वेळ. मला तेव्हाच राग आला होता. नवरा मरणाच्या दारात आणि ही बाई कागद वाचते.

"अहो," तू म्हणालीस, "हे तर आपल्या डाळीच्या डब्याखाली हाय."

"काय हाय?"

"हेच. ही अक्षरं. ही इळ्यागत खूण, मग तीन अक्षरं, मग उलटा इळा. रोज डबा उचलते, मला दिसतंय की."

पुण्याहून नवा छापील कागद आला की जुना रद्दीत जायचा, आणि रद्दी मी घरी आणायचो. चांगला रुंद कागद, एका अंगानं कोरा. तू तो मांडणीच्या फळ्यांवर घातला होतास, भिंतीलाही खळीनं चिकटवला होतास, पुढच्या कडेला कात्रीनं झालर कापून. अख्ख्या क्वार्टरांतल्या बाया बघून जायच्या. मी तीस वर्षं मांडणीसमोर बसून जेवलो, पण खाली काय अंथरलंय ते कधी बघितलं नाही. तू बघितलंस. ह्याचा मला हेवा तेव्हापासून. चूक मी केली, आणि तिचं उत्तर माझ्याच घरात माझ्या ताटासमोर होतं, आणि ते सापडलं तुला.

दुसऱ्या दिवशी तू डबा घेऊन हापिसात आलीस. कधी येत नव्हतीस. डोक्यावर पदर, सरळ साहेबांच्या टेबलापुढं.

"साहेब, कुंकू मी लावलं."

मी स्टुलावरून उठलो. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस.

"खंडेनवमीला ह्यांच्यासंगं आले हुते. हे नको नको म्हणत हुते. मीच म्हटलं, यंत्राला कुंकू न्हाई म्हंजे काय? बाईमाणूस, मला काय कळतंय? मला काय करायचं ते करा, त्यांना काही बोलू नका."

साहेबांचं तोंड लाल. पण समोर आईच्या वयाची बाई, बोलणार काय? नुसते म्हणाले, "अहो काकू, वर्षाचं काम गेलं माझं."

"गेलं न्हाई. माझ्या घरी चला. मांडणीवर हाय."

तुझं ते "माझ्या घरी" मला लागलं. आपल्या नाही, माझ्या.

साहेब आले. बूट दारात काढले. डाळीचा डबा उचलून खाली बघितलं, आणि भल्या माणसानं चक्क मांडी घातली आपल्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर. "काकू," म्हणाले, "जुना आहे कागद. पण नंतरच्या दुरुस्त्या माझ्या डोक्यात आहेत. ह्याच्यावरून पुन्हा करता येईल." आणि हसले. तू पण हसलीस. मी चहाला दूध आणायला गेलो, कारण कुणीतरी जायला पाहिजे होतं.

मग ते पाच दिवस.

खळीनं चिकटवलेला कागद सोलला तर फाटेल, म्हणून जागेवरच वाचायचा. फळीत डोकं घालून एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहून घ्यायचं. साहेबांचे खांदे फळीत मावेनात. माझे मावले असते, पण मला इंग्रजी अक्षर म्हणजे नुसत्या काड्या. तुझी चौथी झालेली, आणि आपली लेक यमुना शाळेत होती तेव्हा तिच्या पुस्तकावरून तू मोठी अक्षरं शिकली होतीस. मला कधी सांगितलं नव्हतंस. मी विचारलं नव्हतं. यंत्राची सगळी मोठीच अक्षरं असतात, म्हणून तुझं भागलं. अक्षराशिवायच्या खुणांना तू आपली नावं दिलीस. कंसाला इळा. स्वल्पविरामाला शेपूट. बरोबरच्या खुणेला दोन काड्या. फुलीसारख्या खुणेला चांदणी. पहिल्या दिवशी साहेब हसायचे. दुसऱ्या दिवशी तेच विचारायला लागले, "काकू, इळा उघडला, मिटला कुठं?"

"मिटलाच न्हाई. तुमीच इसरला असाल."

"नाही हो. झालरीत कापला गेला असेल."

"व्हय, हितं कापलंय. मग मिटवून घ्या तुमचं तुमी. माझ्या कात्रीला कशाला बोल लावता?"

मी दारात बसून ऐकायचो. दुपारच्या सुट्टीला यायचो, संध्याकाळी यायचो. तुला घाम आलेला, केसांना जळमटं लागलेली, पदर खोचलेला, आणि तोंडावर असं काहीतरी की जे मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. खरं सांगू? पहिल्या वर्षीही पाहिलं नव्हतं. साहेब मला पोरासारखे. तरी जळलो. लोक म्हणतील म्हातारा खुळा झाला. म्हणू देत. मी तुझ्यावर संशय घेतला नाही, तेवढा नालायक मी नाही. मला हेवा वाटला तो वेगळाच. तू त्यांना प्रश्न विचारत होतीस. इतक्या वर्षांत मी दिवसभर काय करतो, हे तू मला विचारलं नव्हतंस. आणि त्यांना विचारलंस, "हे हितं काय म्हणतंय?"

"दोनशे चाळीसला जा म्हणतंय. काही ओळींना नंबर दिलेला असतो ना, त्या ओळीवर जायचं."

"तिथं जाऊन परत येतं का?"

"नाही. तिथून पुढं चालायला लागतं."

"म्हंजे सासरी गेल्यागत."

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवून हसून घेतलं. मीही हसलो असतो. पण मला कुणी सांगितलंच नव्हतं ते, त्यांना सांगितलं होतं.

कागदांचा क्रम लागेना. पानांचे नंबर वरच्या कोपऱ्यात होते, ते तू झालरीत कापलेले. साहेब डोकं धरून बसले. तू म्हणालीस, थांबा. "हा पोळ्याला घातला. हा गौरी आल्या तवा. हा त्याच्या आदीचा, तेलाचा डाग हाय बगा, राकेलची चिमणी लवंडली हुती." सणांवरून तू प्रोग्रॅम लावलास. साहेबांनी वहीत लिहून घेतलं: पोळा, गौरी, चिमणी. मी तेव्हा उठून बाहेर गेलो. चिमणी मी लवंडली होती. त्यावरून तुला बोललो होतो.

आणि तिसऱ्या दिवशी तू त्यांना अरे-तुरे करायला लागलीस. "अरे खाऊन घे आदी, मग लिही." शेंगोळ्या केल्यास, मला आवडतात म्हणून करायचीस त्या. त्यांना चांगल्या ताटात वाढल्यास. मला नेहमीच्या. चांगलं ताट एकच होतं, ते मला ठाऊक आहे. तरी.

चौथ्या दिवशी सकाळी अडलं. तू फळीतून डोकं बाहेर काढून म्हणालीस, "हे चारशे धाला जा म्हणतंय. पण चारशे धा आपल्या घरात न्हाईच."

साहेबांनी सगळे कागद पुन्हा पाहिले. नव्हतंच. मधलं एक अख्खं पान नाही. तू कपाळाला हात लावलास. "यमुनीकडं गेलं. पापड बांधून दिले हुते तिला, त्याच कागदात." आणि माझ्याकडं वळलीस. "अहो, तुमी जा देवळालीला. आत्ता जा. रजा साहेब देत्यात."

साहेब म्हणाले, "मी जीपची व्यवस्था बघतो."

"काही नको. यष्टीनं जात्याल. त्यांना ठाऊक हाय लेकीचं घर."

तेव्हाही वाटलं, हिला मी जायला हवाय. गाडीत बसलो तो राहुरीच्या पुढची देवळाली येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं आपलं स्वयंपाकघर. बाहेर दोन्ही अंगानं ऊस, मला दिसला नाही. आता काय बोलत असतील? आता कशाला हसले असतील? शेजारचा माणूस म्हणाला, "पाव्हणं, तब्येत बरी न्हाई का?" मी म्हटलं, "बरी हाय. घरी पाव्हणा आलाय." तो म्हणाला, "मग निघालात कुठं?" मी खिडकीकडं तोंड केलं.

यमुना दारातच. "बाबा! असं अचानक? आई बरी हाय ना?"

"बरी हाय. पापडाचा कागद कुठंय?"

"काय?"

"पापड बांधलेला कागद. इंग्रजी छापलेला."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सहा महिन्यांनी लेकीच्या दारात आलात ते कागदासाठी? आन् मला वाटलं माझ्यासाठी."

कागद लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला निघाला. वरची अक्षरं तेलानं पारदर्शक झालेली. तिच्या सासूबाई म्हणाल्या, नवं फडकं बांधल्याशिवाय सोडू नका, लोणचं नासेल. मग फडकं शोधलं, बांधलं. यमुनेनं जेवून जा म्हणून हात धरला, मी जेवलो नाही. तिनं तेवढं मनाला लावून घेतलं. तुला नंतर कळवलं होतंच.

परतलो तेव्हा दिवे लागायची वेळ. तुम्ही दोघं ओट्यावर गप्प बसला होतात. मी आलो तशी तू उठलीस, कागद घेतलास, वास घेतलास. "खारात हळद जास्त झालीय हिच्या," म्हणालीस. साहेब माझ्याकडं बघत होते, एका वेगळ्याच नजरेनं. मला वाटलं, कागद वेळेत आणला म्हणून खूश आहेत.

पाचव्या दिवशी संपलं. दोन्ही यंत्रांवर हापिसच्या पोरांनी कार्डं पाडली, साहेबांनी एकेक तपासलं, ट्रे पुण्याला गेला. ती रात्र तू जागीच होतीस, हे मला ठाऊक आहे, कारण मीही जागा होतो. मला नोकरीची काळजी. तुला कशाची ते मी विचारलं नाही.

आणि चाललं. तिसऱ्या दिवशी साहेब पेढे घेऊन आले, हापिसात नाही, आधी आपल्या घरी. नवा छापील कागदाचा गठ्ठा तुझ्या हातात दिला. "काकू, तुमची मांडणी पुण्यात चालली!" तू गठ्ठा उघडून बघितलास, इळे मिटलेत का ते पाहिलंस, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या फळ्यांवर तोच घातलास. मी म्हटलं, अगं जपून ठेव. तू म्हणालीस, "मग फळीवरच जपतोय की. ट्रंकेत ठेवला आसता तर आज काय वाचलं असतं?"

आता एक गोष्ट मला बोलायलाच हवी. साहेब म्हणाले होते, "काकू, पुढच्या पाळीला तुम्ही पुण्याला चला. यंत्र दाखवतो. खोलीएवढं आहे." तुझे डोळे असे झाले! तू माझ्याकडं बघितलंस, आणि मी म्हटलं, "बाईमाणसाला काय करायचंय यंत्र बघून?" त्यानंतर तू अजून दोनदा विचारलंस. एकदा मी म्हटलं, पाय दुखतात ना तुझे. एकदा म्हटलं, पुढच्या खेपेला. खरं कारण आज लिहितो. मी ते यंत्र बघितलं नव्हतं. वर्षभर ट्रे उचलून जीपमध्ये ठेवणारा मी, मला कुणी चला म्हटलं नाही. मग माझ्या आधी तू कशी बघणार? एवढ्यासाठी तुला नेलं नाही. पुढची खेप आलीच नाही. तुझी छाती कफानं भरून गेली त्या शेवटच्या आठवड्यातही साहेबांची पाळी होती, आणि तू मला म्हणालीस, "जीप गेली का?" तेवढंच. मी हो म्हटलं. अजून एक शब्द बोलता आला असता मला. नाही बोललो.

आता तेराव्याचं सांगतो, म्हणजे मी असा का झालोय ते कळेल.

जेवणं झाल्यावर लोक बसले होते, आणि साहेब डोळे पुसून तुझी गोष्ट सांगायला लागले. ती सगळ्या हापिसाला पाठ आहे. दर दसऱ्याला निघते. "काकूंनीच कुंकू लावून प्रोग्रॅम मोडला, आणि काकूंनीच फळीवरून उतरवून जोडला!" लोक हसले. मायेनंच हसले. हेडक्लार्क म्हणाले, "मोडणारी अन् जोडणारी एकच, देवीच म्हणा की." आणि मी कोपऱ्यात. मला सहन झालं नाही. जोडलंस तू, ते तुझं. ते मी मागत नाही. पण मोडलं मी होतं! त्या सगळ्या गोष्टीत माझं म्हणावं असं एकच, माझी चूक, तीही तुझ्या नावावर गेली. गोष्टीत मी कुठंच नाही. नको नको म्हणणारा नवरा, एवढाच. आणि मी तर नको म्हटलंच नव्हतं.

सोमवारी हापिसात गेलो. साहेब एकटे होते. टेबलापुढं उभा राहिलो, बरोबर तू उभी राहिलीस त्या जागी.

"साहेब, कुंकू मी लावलं हुतं. तिनं न्हाई. मी खोटं बोललो अन् ती माझ्यापायी खोटं बोलली. आता मला घरी बसवायचं तर बसवा."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "काका, बसा."

"बसत न्हाई."

"मला माहीत होतं."

मी म्हटलं, "काय माहीत हुतं?"

"तुम्ही लावलं ते. तुम्ही देवळालीला गेला होता ना, त्या दिवशी काकूंनी सांगितलं. म्हणाल्या, तुझ्याशी खोटं बोलून तुला जेवू घालणं मला जमत नाही. पण माझंच नाव राहू दे. आणि तुला ठाऊक आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. मान खाली घालून हापिसात यायला लागले तर ते खचतील. मी शब्द दिला."

बसलो मग. म्हणजे दोन वर्षं मी ताठ मानेनं त्या दारातून आत-बाहेर करत होतो, आणि आत बसलेल्या माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि ती मान तू त्याच्याकडून मागून मला दिलेली. तुझं-माझं काही झाकलेलं नाही असं मी समजून होतो. तुझं झाकलेलं होतं, आणि ते दुसऱ्यापाशी ठेवलेलं. काय वाटलं मला ते लिहिता येत नाही. दोन वर्षं एक माणूस तुझी गोष्ट जपत होता आणि तो मी नव्हतो.

मी विचारलं, "अजून काय म्हणाली?"

साहेबांनी चष्मा पुसला. "मी रागात होतो त्या दिवशी. म्हटलं, काकू, एवढं सांगूनही काकांनी त्या गड्डीला हात कसा लावला? तर म्हणाल्या, तू तिला डोकं म्हणालास, ते त्यांनी खरं मानलं. कुंकू माणूस परक्याला लावत नाही. तोंडानं त्यांनी मला एक गोड शब्द कधी दिला नाही, पण जीव लावायची त्यांची तऱ्हा ही अशीच आहे, आणि ती मला कळते."

मी म्हटलं, "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"शेवटचं. तऱ्हेचं. ते एकदा सांगा."

त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मग चष्मा परत डोळ्याला लावला. म्हणाले, "काका, पुरे आता."

मी म्हटलं, "पुरे कसं? तुमच्यापाशी दोन वर्षं हुतं. मला आज मिळालंय."